ताईचा गुडघा

चोआ चू कांग, सिंगापूर
१० ऑगस्ट २०२५

शैलाताई,

साष्टांग नमस्कार. डावा पाय अजून पुरता दुमडत नाही, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घातलाय, चालवून घे.

फोन सोडून कागद कशाला, असं विचारशील. गेल्या महिन्यात तू फोन आपटलास, त्याआधी दोनदा आपटलास आणि तिन्ही वेळा माझं वाक्य अर्धंच राहिलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडायचं म्हटलंस तरी आधी उघडावं लागेल. पंचावन्न संपून छप्पन्नावं लागलंय, आता तरी एकदा मला बोलू दे.

तर ऐक. परवा एक्स-रे काढला. हाड पुरतं जुळलंय. नडगीच्या आत घातलेली सळई तशीच राहील, तिचा काही त्रास नाही. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, परत बर्फावर जाऊ का? ते म्हणाले, जानेवारीपर्यंत पायात ताकद आणलीत तर माझी ना नाही. प्रबोधची ना नाही. (नवरा म्हणून तो कशालाच ना म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहेच.) अवनी तर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "गो लाह, आई." ना आहे ती फक्त तुझी.

आणि तुझी ना साधी नाही. ऑपरेशननंतर मी गोळ्यांच्या गुंगीत पडले होते, तेव्हा तू माझा हात तुझ्या गळ्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "म्हण, ताईच्या गळ्याशपथ, पुन्हा त्या फळीवर पाय ठेवणार नाही." मी म्हटलं. त्या दिवशी तू 'मी सिंगापूरची राणी आहे' असं म्हणायला लावलं असतंस तर तेही म्हटलं असतं. पण म्हटलं ते म्हटलं. हार्बरफ्रंटला जहाज कंपनीच्या फायनान्समध्ये वीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, आणि तरी ही शपथ मला एकटीने मोडता येत नाही. लहानपणी तू मला अशाच शपथा घालायचीस आणि मी रडकुंडीला आले की 'शपथ सुटली' म्हणून मोकळं करायचीस. आताही म्हण. दोन शब्द आहेत. कार्डावर लिहिलेस तरी मला पुरेत.

बर्फाचा कण नसलेल्या देशात राहून हे खूळ कुठून आलं, असं तू महिनाभर विचारत होतीस आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हतीस. नऊ वर्षांपूर्वी आम्ही अवनीला घेऊन जपानला, होक्काइदोला गेलो होतो. ती बर्फात खेळत होती आणि मी इतर आयांसारखी खालच्या कॅफेत दशम्यांचा डबा घेऊन बसले होते. खिडकीतून एक बाई दिसली. लांब अरुंद फळीवर उभी, पायांत अंतराळवीराचे असावेत तसे कडक बूट, आणि वळताना इतकी आडवी होत होती की तिचा हातमोजा बर्फाला घासत होता. तरी पडत नव्हती. खाली येऊन तिने टोपी काढली, तर केस पांढरेशुभ्र! ती ओनोबाई. पोस्टातून निवृत्त झालेली, तेव्हा चौसष्ट वर्षांची. मी डब्याचं झाकण लावलं आणि तिच्यामागे गेले.

स्नोबोर्डवरचं कार्व्हिंग म्हणतात त्याला. फळीच्या लोखंडी कडेवर वळायचं, घसरायचं नाही. नीट जमलं तर मागे बर्फावर एकच बारीक रेष राहते. घसरलात तर फराटा. पुन्हा वर जाताना दोरावरच्या खुर्चीच्या लिफ्टमधून प्रत्येक जण खाली वाकून आपली रेष बघतो, तिथे कुणाला थापा मारता येत नाहीत. ताई, मला आयुष्यात दुसऱ्या कशाची एवढी हाव सुटलेली नाही. नोकरीची नाही, दागिन्यांची नाही, फ्लॅटचीसुद्धा नाही.

आणि हो, अपघात माझ्या चुकीने झाला नव्हता. मागून एक जण येऊन धडकला. माझं वळण चोख होतं.

फळी बॉम्ब शेल्टरमध्येच आहे, म्हणजे आमच्या त्या जाड दाराच्या कोठीत, तांदळाच्या डब्यामागे. अपघातानंतर मी तिच्या पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नाही. मी शपथेचा एवढा मान ठेवलाय, आता तू माझा ठेव.

तुझी
सुनी


पुणे
३१ ऑगस्ट २०२५

चि. सुनेत्रास,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा आखडत्या हाताने.

पत्र तीनदा वाचलं, एकदाही पटलं नाही. 'सुटली' म्हणणार नाही. तू फोनवर रडकुंडीला ये नाहीतर कागदावर, मी तुला तू दुपट्यात होतीस तेव्हापासून ओळखते.

फेब्रुवारीत मी आले ती काही सिंगापूर बघायला नव्हे. तुला संडासापर्यंत धरून नेलं आणि धरून आणलं. प्रबोधराव बिचारे दाराबाहेर उभे राहून "चहा टाकू का?" एवढंच विचारायचे. दुपारी मी झोपले असं समजून तू उशीत तोंड खुपसून रडायचीस. मी झोपलेली नसायचे. ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. मी अडुसष्टाला टेकले, आता माझ्याने तुला उचलवणार नाही.

आणि खेळाचं कौतुक मला सांगू नकोस. मी काय जन्मापासून खुर्चीत बसले होते? आपल्या शाळेच्या मैदानावर खो-खोमध्ये माझ्यासारखी खांबाला वळसा मारणारी पोरगी दुसरी नव्हती. महाराष्ट्राच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली, त्याच एप्रिलात गुडघा गेला आणि सगळं संपलं. तू पाच-सहा वर्षांची होतीस, तुला काय आठवणार! पन्नास वर्षं होत आली. तेव्हापासून हा गुडघा सांभाळतेय. पर्वती नाही, मांडी घालून बसणं नाही, कुणाच्याही लग्नात पंगतीला माझ्यासाठी खुर्ची आणावी लागते. खेळ आधी लाड करतो आणि मग हाड मागतो. माझा गुडघा घेतला, तुझी नडगी घेतली. आपल्या घरातून एवढं पुरे.

तुमच्या मंडळातली राधिका मला तेव्हा म्हणाली, "शैलाताई, या वयात हे शोभतं का?" शोभण्याचं मला काही पडलेलं नाही. मला तू धड हवी आहेस.

फळी विकून टाक. रोज चालायला जा.

तुझी
ताई

ता. क. तो मागून धडकलेला माणूस, त्याला काही लागलं का? ते तू कधी सांगितलं नाहीस.


चोआ चू कांग
१२ ऑक्टोबर २०२५

शैलाताई,

नमस्कार. साष्टांग नाही. आता पाय दुमडतो, आणि तरीही घालणार नाही.

तू 'सुटली' म्हणत नाहीस ना? मग नको म्हणूस. मी शपथ मोडतेय. चोरून नाही, तुला कळवून. ५ जानेवारीला अवनी आणि मी होक्काइदोला जातोय, पाच दिवस. तुझ्या गळ्याला काही झालंच तर लगेच कळव, पण माझी खात्री आहे की तो माझ्याहून जास्त दिवस खणखणीत राहणार आहे.

गणपतीत राधिका भेटली. प्रसादाची वाटी हातात देत म्हणाली, "सुनेत्रा, आता भजन-बिजन बघ ग. बर्फ कसला?" मी म्हटलं, "करेन की, उन्हाळ्यात." ती म्हणाली, "इथे तर बारा महिने उन्हाळा." मी म्हटलं, "मग बारा महिने करीन, जानेवारीचे पाच दिवस सोडून." चार बायका हसल्या. पाचवी हळूच मला विचारायला आली की फळी केवढ्याला मिळते.

ऑफिसमधून आल्यावर मी आमच्या ब्लॉकचे चौदा मजले चढते. आधी चौथ्यावर धाप लागायची. तिथली चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालता घालता रोज ओरडायची, "लिफ्ट नॉट स्पॉइल, व्हॉट!" लिफ्ट बिघडलेली नसताना ही बाई का चढते, हे तिला कळेना. आता मी नवव्या मजल्यापर्यंत पोचते तेव्हा ती खालून टाळ्या वाजवते. शनिवारी एका मॉलमध्ये फिरत्या कार्पेटचा उतार आहे, तिथे जाते. सात वर्षांची पोरं आणि मी. तिथे त्यांची फळी आणि मऊ बूट देतात, माझी फळी लागत नाही.

तुला वाटतं की आम्ही सगळे वेडे तिथे हाडं मोडायला जमतो. तसं नाही ग. सगळ्यांच्या आधी, लिफ्ट सुरू व्हायच्या आत, आम्ही कडक बूटवाले रांगेत उभे असतो. उतार यंत्राने नुकताच विंचरलेला असतो, कंगव्याचे दात उमटावेत तसा. पहिले दोन तास आमचे. मग मऊ बूटवाली तरुण मंडळी येते, आमच्या बुटांना हसते आणि उतार उकरून ठेवते. आमच्या लांबलचक वळणांना अख्खा रस्ता लागतो म्हणून तीच आमच्यावर ओरडतेही. वळण्याआधी मान वर करून मागे कोण येतंय ते बघायचं, हा नियम आहे. दहा वाजता आम्ही कॉफी पीत एकमेकांना मोडलेली हाडं दाखवतो. ओनोबाईच्या खांद्याच्या हाडात सात स्क्रू आहेत. आपल्या बायका नवा तन्मणी दाखवतात तशी ती गळा उघडून दाखवते.

तुझा गुडघा गेला, तू बसलीस. तेव्हा उपाय नव्हते, मला कळतं. पण माझं हाड जुळलंय. तुझ्या गुडघ्याची शिक्षा माझ्या नडगीला का?

तुझी
सुनी

ता. क. धडकलेल्या माणसाला काही लागलं नाही.


चोआ चू कांग
१३ जानेवारी २०२६

ताई,

आज नमस्कारही नाही.

तू एवढ्या थराला जाशील असं मला वाटलं नव्हतं. शपथ घातलीस, कबूल. बोललीस, रडलीस, फोन आपटलास, सगळं कबूल. पण माझ्या फळीला हात लावलास?

पहिल्याच दिवशी लिफ्ट उघडायच्या आत रांगेत उभी होते. उणे अकरा. वरती सगळ्यांच्या मधोमध पिशवीतून फळी काढली, बूट अडकवले आणि निघाले. निघाले म्हणजे काय, जागची हललेच नाही. सगळे माझ्या बाजूने सूं सूं करत खाली गेले आणि मी ओल्या भिंतीला चिकटलेल्या पोस्टरसारखी तिथेच. फळी उलटी केली तर तळाला पांढरा थर. ओनोबाईने नखाने खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही घेतला. खोबरेल! चोआ चू कांगमध्ये पातळ होतं ते तिथे दगड झालं होतं.

माझ्या घरात खोबरेल वापरणारी बाई गेल्या वर्षभरात एकच राहून गेली.

शंभर हॉटेलांच्या, शंभर देशांच्या लोकांसमोर मी फळी काखेत मारून पायी उतरले. अख्ख्या उतारावर एकटी पायी. त्यानंतर काय खेळणार? पाच दिवस वाया गेले, रजा गेली आणि माझं नाक कापलं गेलं. तुला हवं तेच झालं ना? शपथ पाळून घेतलीस तू, मला न विचारता.

पुन्हा मी मागायची नाही आणि तू सोडायची नाही. माझ्यापुरता हा विषय संपला.

सुनेत्रा


पुणे
५ फेब्रुवारी २०२६

सुनी,

आशीर्वाद. आज हात आखडलेला नाही. पत्र लांब होईल, मध्येच आपटू नकोस.

हो, खोबरेल मीच लावलं. मार्चमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तांदूळ काढायला कोठीत गेले, तर तुझ्या पिशवीला ओल आलेली. उघडून बघितलं. लोखंडी कडांवर तांबूस गंज चढला होता. तू आत झोपली होतीस. मला त्या फळीचा इतका राग होता की तिथल्या तिथे तिच्यावर बत्ता घालावा. पण लोखंड गंजलेलं मला बघवत नाही. आई विळी नि तवा ठेवून देताना खोबरेलाचा हात फिरवायची ना, तेच केलं. गंज घासून काढला आणि चिंधीने तेल चोळलं. खालचा भाग तव्यासारखा काळा दिसला म्हणून त्यालाही दोन हात. बिघडवायचं असतं तर मला काय, बत्ता हाताशीच होता. फळीला काय सोसतं आणि काय नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ती माझी चूक. नाक कापलं गेल्याबद्दल खरंच वाईट वाटतं.

आता तुझी चूक. सहलीला निघताना डब्याची झाकणं तीन तीनदा तपासणारी तू, वर्षभर कोठीत पडलेली फळी न उघडता जपानला नेलीस? का नाही उघडलीस?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अवनीला फोन केला. म्हटलं, काय झालं ते खरं सांग. तिने मराठीत सुरुवात केली आणि मग नेहमीप्रमाणे घसरली. "मावशी, तेल तर वन अवरमध्ये निघालं, लाह. ओनो-सान स्क्रेप एव्हरीथिंग, वॅक्स पण लावलं. आई ओन्ली सिट इन द कॅफे. फाइव्ह डेज." 

खोबरेल एका तासात निघालं, सुनी. उरलेल्या दिवसांना कुणी तेल लावलं होतं?

थांब, अजून आहे. गेल्या वर्षीच्या तुझ्या अपघाताचा व्हिडिओ अवनीने मला ऑगस्टमध्येच पाठवला होता. मी तो किती वेळा बघितला ते सांगत नाही. मागून कुणीही येत नाही. तुला कुणीही धडकत नाही. तू एकटीच आहेस, आणि एकटीच पडतेस. म्हणून मी विचारलं होतं की त्याला लागलं का.

तू थापाडी आहेस असं म्हणायला हे लिहीत नाही. मी तुझ्याहून मोठी थापाडी आहे म्हणून लिहितेय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमान गेले, त्यांनाही सांगितलं नाही.

माझा गुडघा आठ आठवड्यांत बरा झाला होता.

एप्रिल शहात्तरमध्ये सरावात पडले, सुजला, दुखला, सगळं खरं. जूनमध्ये शिबिर होतं. डॉक्टर म्हणाले, खेळ. बाबा म्हणाले, जा. आईने तर लाडू करून डबा भरला होता. मला कुणीच अडवलं नाही ग! कुणी अडवलं असतं तर निदान त्याच्यावर रागावून आयुष्य काढता आलं असतं. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी एकटी मैदानावर गेले. खांबाकडे धावले आणि दोन हात अलीकडे थांबले. पुन्हा धावले, पुन्हा तिथेच थांबले. सहा वेळा. पडण्याची इतकी भीती बसली होती की पाय पुढे जाईना. सातव्यांदा मी घराकडे वळले आणि आईला सांगितलं, गुडघा दुखतोय.

तेव्हापासून दुखतोय. एक खोटं पन्नास वर्षं सांभाळायचं म्हणजे केवढं काम असतं, तुला कल्पना नाही. पर्वती चढायची मला भारी हौस, पण गुडघा गेलेली बाई पर्वती चढेल कशी? लग्नात पोरी फुगड्या घालायच्या, मी खुर्चीत. लोक खुर्ची आणून द्यायचे आणि मी लंगडत जाऊन बसायचे. पुढे पुढे कोणत्या पायाने लंगडायचं याचाही विचार करावा लागेना.

तुला शपथ घातली ती काळजीने, असं मी स्वतःला सांगितलं. काळजी होतीच. पण तू हाड मोडून पुन्हा उभी राहिलीस तर माझ्या गुडघ्याचं काय उरतं? तू वळताना दिसलीस की मला कळणार होतं की मलाही वळता आलं असतं. ते मला नको होतं. याची मला लाज वाटते, सुनी. आणि तरी ज्या फळीवर तू पुन्हा चढू नयेस म्हणून शपथ घातली, तीच फळी मी का जपली, हे मला तुझं पत्र येईपर्यंत कळलं नव्हतं.

आता ऐक, मोठी बहीण म्हणून नाही, खेळाडू म्हणून सांगतेय. व्हिडिओत तुझी चूक स्पष्ट दिसते. तू कमरेत वाकतेस. तुला हात बर्फाला लावायची घाई आहे, त्या ओनोबाईसारखा. म्हणून वरचं अंग खाली जातं, पायावरचं वजन सुटतं आणि फळी सुटते. नव्या पोरी खांबावर हेच करायच्या. खांबाला वळसा मारताना जमीन शोधायची नाही. एका हाताने खांब धरायचा, अंग काठीसारखं सरळ ठेवायचं आणि बाहेर झोकून द्यायचं. खांब तुम्हाला धरतो. तुझा खांब तुझ्या पायाखाली आहे, ती लोखंडी कड. तिच्यावर विश्वास टाक आणि सरळ अंगाने पड. जमीन आपणहून हाताशी येईल.

राहिली शपथ. 'सुटली' अजूनही म्हणणार नाही. बदलून घालते. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, बर्फ वितळायच्या आत गेली नाहीस तर. आणि कॅफेत बसलीस तर दोनदा.

तुझी
ताई


होक्काइदो
८ मार्च २०२६

शैलाताई,

साष्टांग नमस्कार. खराखुरा, बर्फावर. पोटावर पडले होते, उठायच्या आधी तुला घालून घेतला.

तुझं पत्र आल्यावर मी ते दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तुझा राग आला, माझा आला, आणि मग तुझ्या त्या सहा वेळा थांबण्याचं इतकं वाईट वाटलं की ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. जानेवारीत त्या कॅफेत मी पाच दिवस बसले, ते खिडकीकडे पाठ करून. तेल निघाल्यावर ओनोबाईने फळी माझ्या हातात दिली, तेव्हा पडायच्या भीतीने मी ती भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. नाक-बिक काही कापलं गेलं नव्हतं ग. मला तुझं खोबरेल फार सोयीचं पडलं.

प्रबोधला म्हटलं, मी एकटी जातेय. तो म्हणाला, "चहा टाकू का?" आणि मग चहाचा कप देताना म्हणाला, "फळी मी काल पुसून ठेवलीय." त्यालाही दिसत होतं तर सगळं.

आज सकाळी वर उभी राहिले. उतार विंचरलेला होता. ओनोबाईने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ती निघून गेली. ताई, मला भयंकर भीती वाटत होती. नडगीतली सळई मला जाणवतेय असं वाटलं, जी एरवी कधीच जाणवत नाही. मान वर करून मागे बघितलं, कुणी नव्हतं. म्हणजे थाप मारायलाही कुणी नव्हतं! मग मी मोठ्याने म्हटलं, "खांब पायाखाली आहे." मराठीत, चांगलं ओरडून. आणि सरळ अंगाने पडले.

कड बसली. ताई, ती धरते! पहिलं वळण झालं, दुसरं झालं, मी हात लांब केलाच नव्हता आणि बर्फ आपोआप हातमोज्याला लागला. तू पन्नास वर्षं त्या खांबापासून लांब राहून हे विसरली नाहीस, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

खाली पोचले आणि आनंदाच्या भरात थांबताना सपशेल पोटावर. वरचा साष्टांग तोच. पुन्हा लिफ्टने जाताना खाली वाकून बघितलं. सात वळणांची माझी रेष. चौथ्यावर फराटा आहे, तेही सांगून टाकते. बाकी सहा ठिकाणी एकच रेष, बारीक. ओनोबाईने बोट करून दाखवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्टवर हात सोडायचे नसतात, तरी.

तुझी शपथ मी पाळली. आता माझी तुला. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, मैदानावर जाऊन खांबाला वळसा घातला नाहीस तर. दोन हात अलीकडे थांबायचं नाही.

फळीला लावायच्या मेणाची एक वडी पाठवतेय. तुझ्या विळीला लावून बघ आणि काय होतं ते कळव.

तुझी
सुनी


पुणे
२९ मार्च २०२६

सुनी,

अनेक आशीर्वाद.

मेणाने विळी चिकट झाली. तुझी-माझी फिटंफाट.

काल शाळेच्या मैदानावर गेले. संध्याकाळी मुलींचा सराव असतो. क्षिप्रा नावाची पोरगी शिकवते, चुणचुणीत आहे. मला बघून म्हणाली, "आजी, खुर्ची आणू का?" मी म्हटलं, "नको. खुर्चीत पन्नास वर्षं बसले. तुझा खांब दोन मिनिटं दे."

पोरी बाजूला झाल्या. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि निघाले. धावले म्हणवत नाही, भरभर चालले म्हण. दोन हात अलीकडे थांबले. परत मागे गेले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. मोजत होते मी. सहाव्यांदा थांबले तेव्हा क्षिप्रा जवळ येऊन म्हणाली, "आजी, राहू दे का?" त्या पोरीचा काही दोष नाही, पण मला तिचा असा संताप आला! म्हटलं, "सरक."

सातव्यांदा खांब धरला. अंग काठीसारखं राहिलं नाही, वाळलेल्या शेंगेसारखं राहिलं असेल, पण बाहेर झोकून दिलं. खांबाने धरलं. अर्धा वळसा झाला आणि मी मातीत बसले. पोरींनी काय गलका केला म्हणून सांगू! मी तिथेच बसून हसत होते आणि रडतही होते, आणि कुणी विचारलं तर दोन्ही कबूल करणार होते.

आज सकाळी उठले तर गुडघा टम्म सुजलाय. बर्फाची पिशवी ठेवून तुला लिहायला बसले आहे. सुनी, पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा तो खरोखर दुखतोय.

शपथ सुटली. दोघींची.

तुझी
ताई